स्त्रीप्रश्नाच्या परिषदा व आमच्या मायबहिणी

(सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीनिमित्त भरलेल्या गांवसभेंत एका प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण)



सभेच्या चालकांनीं मला विषय नेमून दिला आहे तो असा, कीं विद्यापीठांतून स्त्रियांच्या प्रश्नावर विद्वानांच्या ज्या परिषदा भरतात, त्यांचा आपल्या कुणब्या-माळ्यांच्या, साळ्या-कोष्ट्यांच्या, सुतार-लोहार-कुंभारांच्या घराशीं काय संबंध? विषय ऐकतांच मागें बसलेल्या कांहीं मंडळींनीं तोंडाला उपरणें लावलें, हें मला येथून दिसतें आहे. त्यांना मी दोष देत नाहीं. वर्तमानपत्रांत अशा परिषदेचें छायाचित्र येतें. मंडपांत खुर्च्या, खुर्च्यांवर शिकल्यासवरल्या बाया, आणि खालीं मजकूर असा, कीं चार दिवस स्त्रीवाद, लिंगभाव आणि लैंगिकता यांवर खल झाला. वाचणारा पान उलटतो. एकजण म्हणतो, "भरल्या पोटाचे उद्योग आहेत." दुसरा म्हणतो, "थोरामोठ्यांचें काम, आपल्याला त्यांत काय कळणार?"

माझें म्हणणें असें, कीं हे दोन्ही बोल आपल्या नुकसानीचे आहेत. पहिल्यानें आपण आपल्या फायद्याची गोष्ट लाथाडतों. दुसऱ्यानें तिला पोथीसारखी सोंवळ्यांत बांधून ठेवतों. जोतीरावांच्या शिकवणीचें सार मी असें समजतों, कीं पोथी कोणाचीहि असो, ती स्वतः उघडावी आणि बांधावर उभें राहून तिची पारख करावी. आज आपण तसेंच करूं.

प्रथम परिषद म्हणजे काय, तें पाहूं. आपण गुळाच्या सौद्याला जातों. ढेपांची रास लागलेली असते. व्यापारी ढेप फोडतो, रंग पाहतो, चव घेतो, आणि मग भाव बोलतो. विद्वानांची परिषद ही अशीच पारखणी आहे. कोणी वर्ष-दोन वर्षें एखाद्या गांवांत, गिरणींत किंवा जुन्या दप्तरांत खपून निबंध लिहितो. त्याचा सारांश आधीं परिषदेकडे पाठवावा लागतो. तो पसंत पडला तर बोलावणें येतें. मग पंधरा-वीस मिनिटांत निबंधाचें सार मांडावयाचें, आणि समोरच्यांनीं त्यावर शंका काढावयाच्या. आंकडा कोठून आणला? किती घरें पाहिलीं? बायांना विचारलें, कीं त्यांच्या नवऱ्यांना विचारलें? हा शेवटचा प्रश्न लक्षांत ठेवा. त्यावर पुढें बरेंच अवलंबून आहे.

आतां ते अवघड शब्द. स्त्रीवाद म्हणजे बायकांनीं पुरुषांशीं वाद घालणें नव्हे. बाई हीहि माणूस आहे आणि तिचा हक्क पुरुषाइतकाच आहे, या मताला स्त्रीवाद म्हणतात. लिंगभाव हा शब्द ऐकायला जड, पण अर्थानें सोपा. मूल बाईच्या पोटीं येतें, हें निसर्गाचें काम. पण कुंभाराच्या घरीं बाईनें माती आणावी, मळावी, भट्टीला सरपण घालावें, डोक्यावर मडकीं घेऊन बाजार करावा, आणि चाकाला मात्र हात लावूं नये, हें कांहीं निसर्गानें ठरविलेलें नाहीं. शेतांत बाईनें निंदावें, खुरपावें, वेचावें, पण नांगराला हात लावूं नये, हेंहि रूढीचेंच काम. उलट घिसाड्याच्या घरीं पाहा. तेथें बाईच घण मारते, आणि कोणाला त्यांत नवल वाटत नाहीं! रूढीनें नेमून दिलेल्या या बाईपणाला आणि पुरुषपणाला लिंगभाव असें नांव आहे. जात जन्मानें ठरते, ती देवाची आज्ञा आहे, असें जेव्हां आपल्याला सांगण्यांत आलें, तेव्हां आपल्या वडीलधाऱ्यांनीं विचारलें, कीं ही आज्ञा कोणाच्या फायद्याची? या परिषदांतून तोच प्रश्न बाईपणाविषयीं विचारला जातो. सत्यशोधकाच्या घरांत तरी या प्रश्नाला बंदी असूं नये.

कोणी म्हणेल, हें खूळ विलायतेहून आलें. तसें नाहीं. १८४८ सालीं जोतीराव आणि सावित्रीबाई यांनीं पुण्यांत भिडेवाड्यांत मुलींची शाळा काढली. त्यांच्या शाळेंत शिकणाऱ्या मुक्ता नांवाच्या मांगाच्या मुलीनें १८५५ सालीं 'ज्ञानोदय' पत्रांत मांग-महारांच्या दुःखाविषयीं निबंध लिहिला. पुढें १८८१ सालीं सुरतेकडे विजयालक्ष्मी नांवाच्या एका ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येबद्दल फांशीची शिक्षा झाली. ती मागून कमी करण्यांत आली. त्या निमित्तानें वर्तमानपत्रांनीं साऱ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेतलें. तें वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं 'स्त्रीपुरुषतुलना' हें पुस्तक छापलें. ताराबाई मराठ्याच्या घरच्या, सत्यशोधकाची लेक. जे दोष बायकांच्या माथीं मारतां ते पुरुषांत नाहींत काय, असा त्यांचा रोकडा सवाल होता. त्यांच्यावर टीकेची झोड उठली तेव्हां जोतीराव 'सत्सार'मधून त्यांच्या बाजूनें उभे राहिले.

पण पुढें काय झालें? पुस्तक गडप झालें. आम्ही आमच्याच लेकीला विसरलों. १९७५ सालीं संशोधक स. गं. मालशे यांनीं तें शोधून पुन्हा छापलें. १९९४ सालीं रोझलिंड ओहॅन्लन या विदुषीचें इंग्रजी भाषांतर निघालें. आज स्त्रीप्रश्नाचा अभ्यास करणारे देशोदेशींचे लोक बुलढाण्याच्या ताराबाईंचें नांव घेतात. आमच्याच घरांत पुरलेला हंडा विद्वानांनीं उकरून आमच्या हातीं दिला. मग त्यांच्या कामाला भरल्या पोटाचा उद्योग कसा म्हणावा?

परिषदांचीहि आपल्याकडची परंपरा जुनी आहे. १९२७ सालीं जानेवारींत पुण्यास फर्ग्युसन कॉलेजांत अखिल भारतीय महिला परिषदेचें पहिलें अधिवेशन भरलें. अध्यक्षस्थानीं बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई होत्या. मुलींचें शिक्षण हा विषय होता, आणि त्या परिषदेनें पुढें बालविवाहाच्या बंदीसाठींहि खटपट केली. काम चांगलें, परंतु मंडपांत बहुशः राण्या, सरदार घराण्यांतल्या आणि शिकलेल्या घरच्या बाया. त्यानंतर १९४२ सालीं जुलै महिन्यांत नागपुरास अस्पृश्य स्त्रियांची परिषद भरली. अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथें बोलले. वीस-पंचवीस हजार बाया जमल्या होत्या. त्यांनीं काडीमोडाचा हक्क मागितला, एका पुरुषानें अनेक बायका करण्याला बंदी मागितली, गिरणींत राबणाऱ्या बायांसाठीं रजा मागितली. दोन्ही परिषदा बायकांच्याच. पण बोलणारी कोण, यावर मागणें काय तें ठरतें. हा भेदहि लक्षांत ठेवा.

आतां अलीकडच्या काळाकडे येतों. १९७१ सालीं भारत सरकारनें स्त्रियांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठीं एक समिति नेमली. फुलरेणू गुहा तिच्या अध्यक्ष आणि वीणा मजुमदार सचिव. १९७४ च्या अखेरीस समितीनें अहवाल दिला, आणि तो वाचून शहाणीसुरतीं माणसें हादरलीं. स्वराज्यांत बाईची स्थिति सुधारली असेल, अशी सर्वांची समजूत होती. पण १९०१ सालीं दर हजार पुरुषांमागें ९७२ बाया होत्या, त्या १९७१ सालीं ९३० वर आल्या होत्या. देशाला स्वराज्य मिळालें आणि देशांतल्या बाया कमी झाल्या! हें कोणाच्या ध्यानांत कां आलें नाहीं? कारण कोणी त्या दृष्टीनें मोजलेंच नव्हतें.

तेव्हांपासून विद्यापीठांतून हा अभ्यास रीतसर सुरू झाला. धोंडो केशव कर्वे यांनीं १९१६ सालीं काढलेल्या महिला विद्यापीठांत १९७४ सालीं नीरा देसाई यांनीं स्त्री-अभ्यासाचें केंद्र उघडलें. त्याच विद्यापीठांत मुंबईस १९८१ सालीं स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद भरली, आणि तींतून अशा अभ्यासकांची अखिल भारतीय संघटना जन्मास आली. या संघटनेच्या परिषदा पुढें गांवोगांव फिरल्या. १९८४ सालीं तिरुवनंतपुरम्, १९९८ सालीं पुणें, २००५ सालीं गोवा, २०११ सालीं वर्धा. पुणें विद्यापीठांत १९८७ सालीं असेंच केंद्र निघालें. आज त्याला सावित्रीबाईंचें नांव आहे, आणि २०१४ पासून साऱ्या विद्यापीठालाहि. जिच्या अंगावर शेण टाकलें, तिच्या नांवाची पदवी आज सगळ्या जातींचीं मुलें घेतात.

हा झाला इतिहास. आतां आपल्या चुलीची आणि शेताची गोष्ट.

एखाद्या कुणब्याला विचारा, "तुमची बायको काय करते?" तो म्हणेल, "कांहीं नाहीं, घरींच असते." घरीं असते म्हणजे काय? पहाटे उठून पाणी भरते, गुरांचें शेण काढते, भाकरी थापते, पोरांना आवरते, न्याहारी घेऊन शेतांत जाते, दिवसभर खुरपते, येतांना डोक्यावर वैरण आणते, आणि रात्रीं सगळे निजल्यावर भांडीं घासते. कोष्ट्याला विचारा. माग त्याचा, पण कांड्या भरतें कोण? सुताची निवड करतें कोण? तोहि म्हणेल, "ती घरींच असते." तिला मजुरी मिळत नाहीं, म्हणून तिचें काम तें काम नव्हे!

ही समजूत नुसती आपल्या ओसरीवर राहिली असती तर एक वेळ चाललें असतें. पण ती सरकारच्या दप्तरांत गेली. प्रगणक दारांत येतो, दारांत पुरुष उभा असतो, आणि "बाई काम करते काय?" या प्रश्नाला "नाहीं" असें उत्तर मिळतें. अशा लाखों बाया देशाच्या हिशोबांत बिनकामाच्या ठरल्या. येथें विद्वानांचा तो प्रश्न कामाला आला, कीं बायांना विचारलें कीं त्यांच्या नवऱ्यांना? देवकी जैन या अर्थशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनीं १९७० नंतरच्या दशकांत राजस्थान आणि पश्चिम बंगाल येथील खेड्यांत घरोघर बसून बाया कोणत्या वेळीं काय करतात, याची टांचणें ठेवलीं. दप्तरांत बिनकामाच्या म्हणून लिहिलेल्या बाया प्रत्यक्षांत राबत होत्या, हें त्यांतून दिसून आलें. असे निबंध परिषदांतून मांडले गेले, त्यांवर वाद झाले, सरकारकडे तगादा लागला. आणि १९९१ च्या जनगणनेंत कामाच्या प्रश्नापुढें नवे शब्द पडले, कीं शेतावर किंवा घरच्या धंद्यांत बिनमजुरीनें केलेलें कामहि कामांत धरावें. शब्द थोडेच, पण त्यांनीं खुरपणारी आणि कांड्या भरणारी बाई हिशोबांत आणली.

तरीहि घरकाम बाहेरच राहिलें. त्याची मोजदाद २०१९ सालीं सरकारनें साऱ्या देशांत केली. तींत असें निघालें, कीं घरचें बिनमोल काम करणाऱ्या बाईचीं त्यांत दिवसाला २९९ मिनिटें जातात, म्हणजे पांच तासांना एक मिनिट कमी. आणि असें काम करणाऱ्या पुरुषाचीं ९७ मिनिटें. त्यांतहि शंभर बायांपैकीं ८१ बाया हें काम करतात, शंभर पुरुषांपैकीं २६. जे पुरुष आतां हंसत आहेत, ते त्या २६ मधले कीं ७४ मधले, हें त्यांनीं घरीं जाऊन विचारावें!

कामाचा हिशोब झाला. आतां जमिनीचा घेऊं, कारण शेतकऱ्याचा सगळा मान सातबाऱ्यावर. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें मुलीला बापाच्या हिश्शांत वाटा दिला; पण वडिलोपार्जित एकत्र मिळकतींत मुलगा जन्मतःच भागीदार, मुलगी नव्हे. १९९४ सालीं महाराष्ट्रानें मुलींनाहि तो हक्क दिला. मात्र त्याआधीं लग्न झालेल्या मुली वगळल्या. त्याच सालीं बिना अगरवाल या अर्थशास्त्रज्ञ बाईंचा मोठा ग्रंथ निघाला. बाईच्या नांवावर शेत असणें म्हणजे तिच्या पोटाची, इभ्रतीची आणि मार न खाण्याची हमी, हें त्यांनीं आंकड्यांनिशीं मांडलें, आणि नुसतें लिहून न थांबतां कायदा बदलावा म्हणून मोहीम चालविली. ९ सप्टेंबर २००५ पासून साऱ्या देशांत मुलगी ही मुलासारखीच जन्मतः भागीदार झाली, आणि शेतजमिनीला सूट देणारें जुनें कलम निघालें. ११ ऑगस्ट २०२० रोजीं सुप्रीम कोर्टानें स्पष्ट सांगितलें, कीं २००५ सालीं बाप हयात असो वा नसो, मुलीचा हक्क जन्माचाच.

कायदा तालुक्याला पोंचला. आमच्या ओसरीवर अजून यावयाचा आहे. बाप वारला, तेरावा झाला, कीं तलाठ्याकडे वारसनोंद होते. बहिणींचीं नांवें लागतात. मग एके दिवशीं भाऊ गाडी करून बहिणींना तालुक्याला नेतो, हक्कसोडपत्रावर सह्या नि अंगठे होतात, येतांना साडीचोळी घेतली जाते, आणि गांव म्हणतें, "बहीण मोठी समजूतदार!" सही केली नाहीं तर माहेर तुटेल, हा धाक तिच्या मनांत असतो. बंधूंनो, सावकारानें आमच्या आज्याचा अंगठा घेतला त्याला आम्ही लूट म्हणतों. बहिणीचा अंगठा आम्ही घेतों त्याला माया म्हणतों. कागद दोन्हींचा एकच आहे.

हें होऊं शकत नाहीं असें नाहीं. १९८६ सालीं नोव्हेंबरांत नाशिक जिल्ह्यांत चांदवड येथें शेतकरी संघटनेचें महिला अधिवेशन भरलें. लाखावर शेतकरी बाया तेथें आल्या होत्या. त्यांना सारांश पाठवावा लागला नाहीं. स्वतःचें जगणें हाच त्यांचा निबंध होता. त्यांतूनच पुढें लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली, कीं नवऱ्यानें आपखुशीनें जमिनीचा कांहीं भाग बायकोच्या नांवें करावा. जळगांव जिल्ह्यांतील विटनेर गांवीं शंभरावर कुटुंबांनीं तसें केलें. हे कुणबी तुमच्या-आमच्यासारखेच होते; जमीन त्यांनाहि तितकीच प्यारी होती.

आतां परिषदांची दुसरी बाजू सांगितली पाहिजे, नाहीं तर माझें भाषण भाटगिरी ठरेल. या परिषदा बहुतेक इंग्रजींत चालतात. ज्या बाईच्या खुरपण्यावर निबंध लिहिला, तिला तो वाचतां येत नाहीं. जावयाचें तर गाडीभाडें, वर नांवनोंदणीची फी. व्यासपीठावर पुष्कळ काळ उच्च जातींच्या, शहरांतल्या बायाच बसत आल्या, आणि 'बाई' म्हटलें कीं सगळ्या बाया एकच, असें धरून चालत आल्या. हें सोंग दलित बायांनीं उघडें पाडलें. नागपूरच्या त्या १९४२ च्या परिषदेसारख्या गोष्टी विस्मरणांत जात होत्या. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनीं म्हाताऱ्या कार्यकर्त्या बायांच्या घरोघर जाऊन १९८९ सालीं 'आम्हीही इतिहास घडवला' हें पुस्तक मराठींत काढलें. १९९५ सालीं प्राध्यापक गोपाळ गुरू यांनीं लिहिलें, कीं दलित बाईचें बोलणें वेगळें आहे, कारण तिच्यावर जातीचा भार आणि पुरुषाचा भार असे दोन्ही आहेत. पुण्याच्या शर्मिला रेगे यांनीं १९९८ सालीं तो वाद पुढें नेला. तें वेगळें बोलणें ऐकून साऱ्यांनींच आपली दृष्टि बदलली पाहिजे, असें त्यांनीं आपल्याच व्यासपीठाला सुनावलें. त्या २०१३ सालीं अकालीं वारल्या, पण त्यांनंतर जात सोडून बाईविषयीं बोलणें अशा परिषदांत पूर्वीसारखें सोपें राहिलेलें नाहीं. आणि गेल ऑम्व्हेट! अमेरिकेंत जन्मलेल्या या बाईनें आमच्या सत्यशोधक नि ब्राह्मणेतर चळवळीवर १९७६ सालीं ग्रंथ लिहिला, आणि सांगली जिल्ह्यांत कासेगांवीं संसार करून २०२१ सालीं तेथेंच देह ठेवला. विद्वान असावा तर असा, कीं जो गांवांतून साहित्य नेतो आणि गांवाला कांहीं परतहि देतो.

लैंगिकता या शब्दाविषयीं दोन शब्द बोलणें जरूर आहे. या विषयाचें नांव काढलें कीं आपण माना खालीं घालतों, आणि आपलीं पोरें तेंच ज्ञान मोबाइलवरून वाईट मार्गानें मिळवितात. र. धों. कर्वे यांनीं १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून संततिनियमन आणि शरीरधर्म यांची माहिती साध्या मराठींत दिली. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यांत डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. ज्या ज्ञानासाठीं बाबासाहेब कोर्टांत उभे राहिले, त्याची लाज आपण कां धरावी? आपल्याच गांवांत देवाला सोडलेले जोगते, मुरळ्या, तृतीयपंथी यांना आपण जत्रेंत हात जोडतों आणि एरवीं दारांत उभें करीत नाहीं. सुप्रीम कोर्टानें २०१४ सालीं तृतीयपंथीयांना त्यांची स्वतःची ओळख कायद्यानें दिली, आणि २०१८ सालीं दोन सज्ञान माणसांचा खुषीचा संबंध हा गुन्हा नव्हे असें ठरविलें. देवाच्या नांवानें माणूस हलका ठरविणें हें सत्यशोधकाला कधींच मान्य नव्हतें; येथें तरी कां व्हावें?

तर मंडळी, या साऱ्याचा मथितार्थ एका वाक्यांत सांगतों. ज्याची मोजदाद नाहीं, त्याचा वाटा नाहीं. परिषदेची किंमत तिच्या मंडपावर नाहीं. तिच्यामुळें कोणती न मोजलेली बाई हिशोबांत आली, यावर आहे. विद्वानांनीं मोजण्याची रीत शोधली. पण दारांत आलेल्या माणसाला खरें उत्तर देणें हें आपलें काम आहे, तें कोणतीहि परिषद करूं शकणार नाहीं.

आणि ती वेळ आतां आली आहे. २०२१ सालीं व्हावयाची जनगणना लांबली होती. सरकारनें जून २०२५ मध्यें जाहीर केलें, कीं ती १ मार्च २०२७ ही तारीख धरून होईल आणि तींत जातींचीहि मोजणी होईल. जातींची मोजदाद व्हावी म्हणून आपण किती वर्षें ओरडत आलों! कारण आपल्याला ठाऊक आहे, कीं आंकडा नाहीं तर हक्क नाहीं. मग जात मोजून घेण्यासाठीं जो पुरुष छाती पुढें काढून उत्तर देईल, त्यानेंच पुढच्या प्रश्नाला "बायको कांहीं करीत नाहीं" असें म्हणावें काय? आपल्यावर जो अन्याय होतो म्हणून आपण तक्रार करतों, तोच आपण आपल्या ओसरीवर करावयाचा, यासारखी लाजिरवाणी गोष्ट दुसरी नाहीं.

म्हणून माझ्या चार सूचना आहेत. एक, प्रगणक आला कीं बाईला पुढें बोलवा, तिच्या कामाविषयीं तिलाच बोलूं द्या. आणि ती माजघरांतून "मी काय, घरींच असतें" म्हणाली, तर तिच्या सासूनें, लेकीनें तिला समजावून सांगावें. दोन, ज्यांच्या घरीं शेत आहे त्यांनीं सातबाऱ्यावर, आणि ज्यांच्याजवळ नुसतें घर आहे त्यांनीं ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर बायकोचें नांव लावण्यासाठीं अर्ज करावा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नांवापुढें आईचें नांव लावण्याचा नियम महाराष्ट्र सरकारनें केला आहे. पोराच्या नांवांत जिला जागा मिळाली, तिला जमिनीच्या कागदांत जागा द्यावयाला काय हरकत? तीन, बहिणीला हक्कसोडपत्रासाठीं तालुक्याला नेऊं नका. तिला खरोखर सोडावयाचें असेल तर ती स्वतः होऊन, साडीचोळीवांचून, विचार करून सोडील; आणि न सोडल्यास तिच्या माहेरचा दिवा विझूं देऊं नका. चार, आपल्या तालुक्याच्या महाविद्यालयांत अशी परिषद भरली तर आपल्यांतल्या दोघीतिघींनीं तेथें जाऊन बसावें. बोललेलें मराठींत सांगा, असें म्हणावें, आणि कोणी शेतकरी बाईविषयीं निबंध वाचूं लागला तर उभें राहून विचारावें, "ताई, तुम्ही कोणत्या गांवच्या बाईला विचारलें?" विद्यापीठें आपल्या करावर चालतात. आपण तेथें भीक मागायला जात नाहीं.

मायबहिणींनो, तुम्हांला वेगळें एकच सांगतों. तुमच्या लेकींना शिकवा, आणि इतकें शिकवा कीं पुढें त्या अशा परिषदेंत निबंध वाचणाऱ्या व्हाव्यात. सातबारा, हक्कसोडपत्र, कांड्या, घण, खुरपें, हे त्यांच्या घरचे शब्द आहेत. त्या शब्दांत लिहिलेला निबंध कोणत्याहि मंडपांत खोटा पडणार नाहीं. आपल्यावर दुसऱ्यांनीं बोलण्यापेक्षां आपण आपलें बोलावें, हेंच सावित्रीबाईंनीं पाटीवर पहिलें अक्षर काढून दिलें तेव्हां अभिप्रेत होतें, असें मी मानतों.

 सत्याचा जय होवो.